पुढचं मॉडेल इंजिन कुठलं येणार? अंदाज बांधायची माझी पद्धत

ब्रिटिश ओओ गेजची (खऱ्याच्या ७६.२ पट लहान) मॉडेल रेल्वे इंजिनं जमवणारे आपले मराठी लोक पुण्यात आहेत, ठाण्यात आहेत, तिकडे लंडन-बर्मिंगहॅमला नोकरीनिमित्त गेलेलेही आहेत, आणि यातल्या कुणालाही भेटा, गप्पा दहा मिनिटांत एकाच जागी येतात, की हॉर्नबी ही मॉडेल कंपनी आता काय काढणार, अ‍ॅक्युरास्केल या दुसरीचं पुढचं काय, अमुक इंजिन नव्याने येणार का. ही चर्चा करायला मजा तर येतेच, पण यात खरे पैसे अडकलेले असतात. आज एक बऱ्यापैकी स्टीम इंजिन दीडशे ते अडीचशे पौंडांच्या घरात जातं, वर कुरियर, वर कस्टम ड्युटी. तुम्ही सेकंडहँडमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या साच्यातलं इंजिन चढ्या भावाने उचललंत आणि सहा महिन्यांत कुणीतरी तेच नव्या साच्यातून जाहीर केलं की जुन्याचा भाव पडतो. उलट येणार येणार म्हणून थांबलात आणि ते आलंच नाही, तर जुनंही हातचं जातं. म्हणून अंदाज नीट बांधता यायला हवा, आणि तो बांधता येतो, त्यासाठी कंपनीत ओळख लागत नाही.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे दोन वेगळ्या याद्या करायच्या. एक, मला काय हवंय. दुसरी, कंपनीला काय परवडणार आहे आणि काय खपणार आहे. बहुतेकांचे अंदाज चुकतात ते माहिती कमी पडते म्हणून नाही, तर या दोन याद्या डोक्यात एक झालेल्या असतात म्हणून. आवडतं इंजिन असलं की त्याच्यासाठी कारणं आपोआप सुचायला लागतात. त्यामुळे हव्या असलेल्या इंजिनासाठी कारणं शोधताना दुप्पट कडक व्हा, आणि जे इंजिन तुम्हाला अजिबात नकोय त्याच्याही बाजूने दोन कारणं लिहून बघा, मग दुसरी यादी खरी व्हायला लागते.

कोण कधी बोलतं ते आधी माहीत करून घ्या

हॉर्नबीची मोठी यादी वर्षानुवर्षं जानेवारीच्या सुरुवातीला येत आलीय. त्यामुळे डिसेंबर हा अंदाजांचा सीझन, आणि जानेवारीतल्या त्या दिवशी आपल्याकडे दुपार असते, ऑफिसात बसून फोन चोरून बघावा लागतो. बॅकमन ही दुसरी मोठी मॉडेल कंपनी पूर्वी वर्षाची मोठी यादी द्यायची आणि त्यातल्या काही गोष्टी यायला कित्येक वर्षं लागायची, पण २०२१ च्या सुमारास त्यांनी पद्धतच बदलली. आता ते तीन-तीन महिन्यांनी जाहीर करतात आणि जे जाहीर करतात ते लवकरच दुकानात येतं. हा बदल अंदाज बांधणाऱ्यासाठी फार मोठा आहे, कारण बॅकमनने तोंड उघडलं त्या दिवशी ते इंजिन जवळपास तयार असतं, म्हणजे निर्णय दोन-तीन वर्षांपूर्वीच झालेला असतो, आणि तुम्हाला खुणा शोधायच्या असतील तर तेवढ्या मागे जाऊन शोधायला लागतात. अ‍ॅक्युरास्केल, रॅपिडो, कॅव्हेलेक्स वगैरे नवीन मंडळी वर्षात कधीही बोलतात, पण मोठी प्रदर्शनं त्यांना आवडतात. पूर्वी नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये वॉर्ली क्लबचं प्रदर्शन असायचं, ते तिथे २०२३ मध्ये शेवटचं झालं. फेब्रुवारीतलं ग्लासगोचं प्रदर्शन चालू आहे, त्याच्या आसपासचे आठ दिवस लक्ष ठेवावं.

शिवाय दुकानं असतात जी स्वतःसाठी खास मॉडेल बनवून घेतात, रेल्स ऑफ शेफील्ड, केर्नो वगैरे, आणि यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमशी जोडलेलं लोकोमोशन मॉडेल्स. यांचा विचार वेगळा करायचा, कारण त्यांचा हिशोब वेगळा असतो. म्युझियमला स्वतःच्या शेडमधलं इंजिन विकायचं असतं, मग त्याची संख्या एकच का असेना. डेल्टिक या डिझेल इंजिनाचा प्रोटोटाइप डीपी१ बॅकमनकडून बनवून घेतला तो असाच, रॅपिडोने ब्रिटिश बाजारात पाय टाकला तो एपीटी-ई ही प्रायोगिक गाडी घेऊन, तोही असाच.

इंजिन निवडा आणि त्याला प्रश्न विचारा

आता एखादं इंजिन घ्या, आणि ते आधी कुणी काढलंय का, काढलं असेल तर कोणत्या साच्यातून आणि केव्हा, हे शोधा. इथे एक साधी खूण आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे डीसीसीचं, म्हणजे इंजिन डिजिटल पद्धतीने चालवणारी चिप बसवायचं, सॉकेट. मॉडेल उघडलं आणि आत ८ पिनचं सॉकेट, स्पीकरला जागाच नाही, कॅबमध्ये लाइट नाही, तर समजायचं हा साचा म्हातारा झालाय, कारण आत्ताचं गिऱ्हाईक साउंडवालं मॉडेल मागतं आणि साउंडवालं मॉडेल महाग विकता येतं. २१ पिन, नेक्स्ट१८ किंवा प्लक्स२२ सॉकेट आणि स्पीकरची खोबण असेल तर त्या कंपनीकडून नवीन साच्याची अपेक्षा एवढ्यात ठेवू नका, त्यांना गुंतवलेला पैसा आधी वसूल करायचाय.

नंतरचा प्रश्न रंगांचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. साचा कापून घेणं हा या धंद्यातला मोठा खर्च, स्टीलमध्ये एकदा साचा बनला की त्याच्यातून निघणाऱ्या बॉडीवर वेगवेगळे रंग आणि नंबर छापून पुढची दहा-वीस वर्षं विकायचं, त्यातच फायदा. म्हणून इंजिन खऱ्या आयुष्यात किती रंगांत फिरलं ते मोजा. क्लास ६६ हे डिझेल घ्या, एकट्या ईडब्ल्यूएस या मालगाड्यांच्या कंपनीने २५० घेतली, मग फ्रेटलाइनर, जीबीआरएफ, डीआरएस, डीबी, कोलास, प्रत्येकाचा रंग वेगळा, शिवाय खास प्रसंगांना रंगवलेली निराळी. म्हणूनच बॅकमनचं आधीपासून बाजारात असताना हॅटन्सने स्वतःचं क्लास ६६ काढायची हिंमत केली, आणि २०२४ मध्ये हॅटन्सने दुकान आवरायचं ठरवल्यावर तो साचा अ‍ॅक्युरास्केलने घेतला. लोक म्हणत होते बाजारात ६६ खूप झालीत. रंग मोजले असते तर म्हणाले नसते.

क्लास ३७ चंही तेच. १९६० ते १९६५ मध्ये ३०९ बनली, ग्रीन, ब्लू, लार्ज लोगो, रेलफ्रेट, आणि पन्नास वर्षांनंतरही काही धावतच होती. म्हणजे साठच्या दशकाचं लेआउट (मॉडेल रेल्वेचा देखावा) करणारा घेतो, ऐंशीच्या दशकाचा घेतो, आजचं करणाराही घेतो. एका साच्याला तीन-चार पिढ्यांचं गिऱ्हाईक.

मग जपलेलं आहे का ते बघा. खरं इंजिन कुठल्यातरी हेरिटेज रेल्वेवर उभं असेल तर लेझर स्कॅन करता येतं, मोजमाप चुकत नाही, आणि ते इंजिन आज बघणारे लोक ते विकतही घेतात. ब्राइटनच्या स्ट्राउडले या इंजिनिअरचं टेरियर हे याचं नमुनेदार उदाहरण, १८७२ पासून ५० बनली, छोटंसं टँक इंजिन, त्यातली १० जपलेली आहेत, रंग भरपूर, आणि टीचभर लेआउटवरही शोभतं. ज्याच्याकडे फक्त एक शेल्फ आहे तोसुद्धा ते घेऊ शकतो. भारतातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा मुद्दा जास्त ओळखायला हवा, जागा कमी असलेलं गिऱ्हाईक इंग्लंडमध्येही भरपूर आहे आणि कंपन्यांना ते माहीत आहे.

पण संख्या म्हणजे सगळं नाही बरं का. एलएनईआर या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीचं डब्ल्यू१ एकच बनलं होतं, त्याला हश-हश म्हणायचे, आणि हॉर्नबीने २०२० च्या यादीत ते दिलं. डेल्टिक फक्त २२ होती आणि तरी डेल्टिकची मॉडेलं पुन्हा पुन्हा येतात. तिथे गोष्ट विकली जाते. म्हणून प्रत्येक इंजिनासमोर मी एक रकाना ठेवतो, ज्या माणसाला रेल्वेतलं फार कळत नाही त्याला या इंजिनाबद्दल एका वाक्यात सांगण्यासारखं काही आहे का. मॅलार्डबद्दल आहे, ३ जुलै १९३८, ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा विक्रम. असं वाक्य असेल तर संख्या कमी असली तरी चालते. वाक्यही नाही, रंगही एकच काळा, आणि एकही जपलेलं नाही, तर ते इंजिन तुमच्या हव्याच्या यादीत राहू द्या.

घराणं बघा

ही माझी सगळ्यात आवडती पद्धत, कारण हिच्यात खऱ्या रेल्वेचा इतिहास आणि कारखान्याचा हिशोब एकत्र येतात. उदाहरण घेतो. हॉर्नबीने एलएनईआरच्या ग्रेस्ली या इंजिनिअरचं पी२ काढलं, कॉक ओ' द नॉर्थ, भलंमोठं आठ चाकं जोडलेलं इंजिन. खऱ्या आयुष्यात ही सहा होती आणि त्याच्यानंतरच्या एडवर्ड थॉम्पसनने १९४३-४४ मध्ये सहाही मोडून ए२/२ पॅसिफिक (सहा चाकं जोडलेली) बनवली. आता ज्याला हे माहीत आहे आणि ज्याने हॉर्नबीकडे एलएनईआरची कुठली टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) आणि कुठले बॉयलर आधीच आहेत ते बघून ठेवलं होतं, त्याला ए२/२ कधीतरी येईल असं वाटायला जागा होती. २०२० च्या यादीत ए२/२ आलं, सोबत त्याचं भावंड ए२/३ आलं, आणि वर सांगितलेलं डब्ल्यू१ सुद्धा. एकाच घराण्यातली तीन इंजिनं एका वर्षी. संशोधन एकदाच करायचं, ड्रॉइंग एकदाच मिळवायची, काही सुटे भाग सामाईक, आणि एलएनईआरवाला माणूस तिन्ही घेणार.

म्हणून कुठलंही नवीन मॉडेल आलं की त्याचे कोणते भाग दुसरीकडे चालतील याची नोंद करा. टेंडर कोणकोणत्या क्लासला चालतं, बोगी कोणत्या डिझेलला चालते, चाकांमधलं अंतर कुणाशी जुळतं.

आणि मॉडेल हातात असेल तर उलटं करून, भिंग घेऊन, सांधे बघा. हे खरंच करून बघा, फोटोवरून समजत नाही. बॉडी एकसंध ओतलेली आहे का नाकाचा भाग वेगळा बसवलाय, छतावरचा पंख्याचा तुकडा वेगळा आहे का, बफर बीम वेगळा आहे का. समजा क्लास ३७ चं सँपल तुमच्या समोर आहे. सुरुवातीच्या इंजिनांना नाकावर मध्ये दरवाजा आणि दोन बाजूंना दोन छोट्या हेडकोडच्या (गाडीचा क्रमांक दाखवणाऱ्या) पेट्या होत्या, डी६८१९ पासून पुढे दरवाजा गेला आणि मधोमध एकच रुंद पेटी आली. आता सँपलमध्ये नाकाच्या कडेला बारीक सरळ रेघ दिसली, म्हणजे तो तुकडा साच्यात बदलता येतो, तर जाहीर कुठलंही एकच नाक केलेलं असू दे, दुसरं मागून येणार हे जवळपास नक्की. फुकटात कुणी साच्यात बदलता तुकडा ठेवत नाही, त्याचे पैसे पडतात. उलट सगळं एकसंध असेल तर जे दिसतंय तेवढंच मिळणार. सँपलचे फोटो कंपन्या स्वतःच टाकतात, ते झूम करून बघायची सवय लावा, रंगवलेल्या सँपलपेक्षा राखाडी प्लास्टिकच्या पहिल्या सँपलमध्ये सांधे जास्त स्पष्ट दिसतात.

घराण्याचाच दुसरा प्रकार म्हणजे साच्यांचं घराणं. साचे हात बदलतात. बॅकमनची ब्रिटिश रेंज सुरू झाली ती बऱ्याच अंशी मेनलाइन या जुन्या ब्रँडच्या साच्यांवर, कारण बॅकमनचा मालक हाँगकाँगचा कादर, आणि मेनलाइनचा माल कादरनेच बनवला होता. इटलीची लिमा बुडाल्यावर २००४ मध्ये हॉर्नबीने ती घेतली आणि लिमाची जुनी ब्रिटिश डिझेल हॉर्नबीच्या स्वस्त रेंजमध्ये दिसायला लागली. म्हणून कुठलीही कंपनी बंद पडल्याची बातमी आली की वाईट वाटतंच, पण लगेच वही काढून तिच्याकडे कोणते साचे होते आणि ते कुणाला उपयोगी पडतील याची यादी करून ठेवा, पुढच्या दोन वर्षांतली काही उत्तरं त्यात असतात.

शताब्द्या आणि वाढदिवस

कॅलेंडर हाताशी ठेवा. फ्लाइंग स्कॉट्समन डॉनकास्टरमधून फेब्रुवारी १९२३ मध्ये बाहेर पडलं, म्हणून २०२३ ला त्याची खास मॉडेलं येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. हॉर्नबीने स्वतःची शंभरी २०२० ला केली आणि त्या यादीत स्टीफनसनचं रॉकेट नव्याने दिलं. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे २७ सप्टेंबर १८२५ ची, तिची दोनशे वर्षं २०२५ ला झाली आणि लोकोमोशन नंबर १ चं मॉडेल हॉर्नबीच्या यादीत आलं.

पुढे काय आहे बघा. ग्रेट वेस्टर्नचं किंग जॉर्ज द फिफ्थ १९२७ चं, त्याच वर्षी ते बाल्टिमोर अँड ओहायोच्या शताब्दीला अमेरिकेला जाऊन आलं आणि तिथून पितळी घंटा घेऊन आलं, ती आजही त्याच्या पुढच्या बीमवर आहे. तर २०२७. रेनहिलच्या चाचण्या ऑक्टोबर १८२९, म्हणजे २०२९. लिव्हरपूल-मँचेस्टर १५ सप्टेंबर १८३०, म्हणजे २०३०. पण वाढदिवस आला म्हणून नवीन साचा येतोच असं नाही, बहुतेक वेळा असलेल्या साच्यावर नवीन छपाई, भारी खोका, सर्टिफिकेट, एवढंच येतं. आधी सांगितलेले प्रश्न इथेही लावायचे. किंगचा हॉर्नबीचा साचा २०१५ चा आहे, तसा तरुण आहे, तर २०२७ साठी माझा अंदाज खास आवृत्तीचा, नवीन साच्याचा नाही.

खुणा, आणि त्यांना किती मार्क द्यायचे

कुणीतरी हेरिटेज रेल्वेवर लेझर स्कॅनर लावलेला फोटो टाकतो आणि लगेच बोंब होते. स्कॅन म्हणजे मॉडेल नाही. कंपन्या संधी मिळाली की स्कॅन करून ठेवतात, इंजिन ओव्हरहॉलला उघडलेलं असतं, परत दहा वर्षं तसं मिळणार नसतं. मी स्कॅनला फार तर दहापैकी तीन मार्क देतो.

दुकानांनी जुन्या साच्याचा माल अचानक स्वस्त काढला तर चार-पाच. एकाच दुकानाने काढला तर तो त्यांचा जागेचा प्रश्न असेल, तीन-चार ठिकाणी एकदम दिसला तर वरून काहीतरी कळलेलं असू शकतं. एखादा लोकप्रिय साचा बरीच वर्षं परत छापलाच गेला नाही, हीसुद्धा चांगली खूण, एक तर साचा खराब झालाय नाहीतर नवा बनतोय.

सगळ्यात जास्त मार्क मी देतो ते बाजूच्या धंद्याला. २०२२ च्या जूनमध्ये पेकोने टीटी:१२० या लहान स्केलचे रूळ जाहीर केले, १२ मिलिमीटर गेज, आणि इंग्लंडमध्ये तेव्हा त्या स्केलची रेडीमेड ब्रिटिश इंजिनं जवळजवळ नव्हतीच. रूळ काढणारी जुनी, शहाणी कंपनी उगाच रूळ काढेल का? ज्यांनी हा एक प्रश्न स्वतःला विचारला त्यांनी सांगितलं की कुणीतरी मोठा खेळाडू येतोय, आणि ऑक्टोबरमध्ये हॉर्नबीने टीटी:१२० ची अख्खी रेंज जाहीर केली. म्हणून रूळ, डबे, वॅगन, डिकोडर यांच्याकडे बघत राहा. एखाद्या कंपनीने विशिष्ट काळातले विशिष्ट डबे काढले आणि ते ओढायला तिच्याकडे योग्य इंजिनच नाही, तर ते इंजिन येण्याची शक्यता मी लगेच वाढवतो.

काळ्या सावलीचे टीझर फोटो येतात तेव्हा मात्र घाई करू नका. सावलीवरून चिमणी आणि घुमट मोजत बसण्यापेक्षा आधी स्केल कुठलं असेल ते ठरवा. ओओ समजून लोक भांडत बसतात आणि निघतं त्याहून लहान एन गेजचं किंवा मोठ्या ओ गेजचं.

दोघांनी एकच इंजिन काढलं तर?

पूर्वी असं मानलं जायचं की एकाने जाहीर केलं की दुसरा माघार घेतो. तो काळ गेला. टेरियर २०१८ च्या अखेरीस रेल्स ऑफ शेफील्डने डॅपोलकडून जाहीर केलं आणि २०१९ च्या जानेवारीत हॉर्नबीनेही दिलं. लिव्हरपूल-मँचेस्टरचं जुनं लायन इंजिन, जे १९५३ च्या एका प्रसिद्ध विनोदी सिनेमात झळकलं होतं, ते रॅपिडोने सिनेमाचं लायसन्स घेऊन जाहीर केलं आणि २०२२ च्या यादीत हॉर्नबीचंही आलं, त्यावरून केवढं वादळ झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. क्लास ३७ अ‍ॅक्युरास्केलचंही आलं आणि बॅकमनचंही नवीन साच्यातून आलं.

याचं कारण सरळ आहे, जाहीर होईपर्यंत काम इतकं पुढे गेलेलं असतं की मागे फिरणं महाग पडतं. आधी संशोधन, मग कॅड, मग साचा, मग पहिलं सँपल, दुरुस्त्या, रंगीत सँपल, मग चीनमधल्या कारखान्यात नंबर लागणार, चिनी नववर्षाला कारखाना बंद, मग जहाज. म्हणून अंदाज लिहिताना 'हे अमक्याने केलंय, आता दुसरा करणार नाही' हे कारण वापरायचं असेल तर एवढंच बघा, की पहिल्याचं किती जुनं आहे. पहिल्याने गेल्या वर्षात जाहीर केलं असेल तर दुसऱ्याचं आधीच शिजत असण्याची शक्यता मी धरून चालतो. पहिल्याचं येऊन तीन-चार वर्षं झाली असतील आणि ते चांगलं असेल, तर मात्र नवीन कुणी सहसा त्यात पडत नाही.

अंदाज लिहायचा कसा

तोंडी अंदाज सोडून द्या, वहीत लिहा. इंजिन, कंपनी, स्केल, नवीन साचा का नुसता नवीन रंग, कधीपर्यंत, किती टक्के, कारण, आणि शेवटचं म्हणजे काय दिसलं तर मी मत बदलेन. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जड जातो आणि तोच उपयोगाचा आहे. टक्के लिहायला लाजू नका, 'येईल असं वाटतं' याला काही अर्थ नाही, ३० टक्के आणि ७० टक्के यात जुनं मॉडेल विकायचं का ठेवायचं हा फरक आहे. माझा नियम असा, ६० च्या वर गेलं तर सेकंडहँड घेत नाही, ३० च्या खाली असेल तर मिळेल तिथे चांगलं जुनं घेऊन टाकतो, मधल्यात असेल तर किंमतीवर ठरवतो.

आणि हो, अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगा. 'आतून कळलंय' अशी पुडी सोडली की कुणीतरी नवखा पोरगा त्या भरवशावर असलेलं इंजिन विकून बसतो. हेरिटेज रेल्वेवर काम करणारे लोक फुकट राबतात, त्यांना 'कुणी स्कॅन केलं, सांगा ना' म्हणून पिडू नका, त्यांनी शब्द दिलेला असतो. आणि जाहीर न झालेल्या मॉडेलसाठी कुणी ॲडव्हान्स मागत असेल तर एक पैसा देऊ नका.

आता आपल्याकडचं बघू

कारण हा प्रश्न येणारच, की आपली इंजिनं कधी. २०२८ ला बोरीबंदर-ठाणे गाडीला १७५ वर्षं होतील, १६ एप्रिल १८५३, साहिब, सिंध आणि सुलतान, तिन्ही लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली. गोष्ट एका वाक्यात सांगता येते, वाढदिवस आहे, ब्रिटिश कारखान्याचा संबंध आहे. पण त्या इंजिनांपैकी एकही जपून ठेवलेलं नाही, स्कॅन करायला समोर काही नाही, रंगांची विविधता नाही. ओओमध्ये ब्रिटिश कंपनीकडून रेडीमेड, नवीन साचा, २०२८ अखेरपर्यंत, मी ३ टक्के लिहिलंय.

गेजचा मुद्दाही आडवा येतो असं लोक म्हणतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एचओ या दुसऱ्या स्केलच्या १:८७ ने तो १९.३ होतो आणि रूळ असतात १६.५ चे, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर कमी. पण ओओवाले स्वतः काय करतात? १४३५ ला ७६.२ ने भागा, १८.८ येतं, आणि तेही १६.५ वरच चालवतात, आणि ते लाखो लोकांनी स्वीकारलंय. तेव्हा गेज हे मला मोठं कारण वाटत नाही, खरं कारण गिऱ्हाइकाची संख्या. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये शनिवार-रविवारी डोळे विस्फारून बघणारी पोरं असतात, त्यातली किती मोठी होऊन वीस-पंचवीस हजारांचं इंजिन घेतील, यावर ते ठरणार.

माथेरानची शक्यता मला जास्त वाटते. दोन फुटी गेज, ६१० मिलिमीटर, ओओच्या स्केलने बरोबर ८ येतो आणि ओओ९ चे (ओओच्या मापातल्या नॅरोगेजचे) रूळ ९ चे, म्हणजे एका मिलिमीटरचाच फरक. इंग्लंडमध्ये ओओ९ वाढतंय, बॅकमनची नॅरोगेज रेंज आहे, हेल्यानने लिंटन-बार्नस्टेपलची इंजिनं काढली, पेको आणि कातोने मिळून फेस्टिनियोगचं स्मॉल इंग्लंड काढलं. ऑरेनस्टाइन अँड कोपेलची माथेरानची इंजिनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, दिसायला गोड, छोट्या शेल्फवर मावणारी. तरी १० टक्क्यांच्या वर जायला मला अजून काही दिसलेलं नाही, भारतीय नॅरोगेजचे डबे कुणी काढले तर मी लगेच ३० करेन.

आणि डेक्कन क्वीन. १ जून १९३० ची, म्हणजे २०३० ला शंभर. पहिल्या दोन रेक, सात-सात डब्यांच्या, एक रुपेरी त्यावर लाल पट्ट्या, दुसरी निळी त्यावर सोनेरी रेघा, म्हणजे पहिल्याच दिवसापासून दोन रंग. डब्यांच्या अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या, बॉडी माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बनल्या. गाडीच्या पुढे डब्ल्यूसीपी-१ हे विजेचं इंजिन, १५०० व्होल्ट डीसीचं, आणि त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे, स्कॅन करता येईल असं. घाटाची गोष्ट आहे, गाडी आजही चालू आहे, आणि ज्यांनी तिच्यातून पास काढून नोकऱ्या केल्या त्यांची मुलं आज न्यू जर्सीपासून लंडनपर्यंत कमावती आहेत. तर माझ्या वहीतली नोंद अशी: डब्ल्यूसीपी-१ आणि सात डबे, एचओ, भारतातल्याच कुणा छोट्या उत्पादकाकडून, मोठ्या ब्रिटिश कंपनीकडून नाही, मर्यादित संख्या, प्री-ऑर्डर घेऊन, २०३० च्या जूनपर्यंत जाहीर, २० टक्के. मत कशाने बदलेल: २०२८ च्या आत कुणी नुसते डबे जरी जाहीर केले तर ५०, आणि त्या संग्रहालयात स्कॅनर लावलेला फोटो दिसला तर त्यात आणखी १०.